सदस्य येत नाहीत, की गाड्या निघत नाहीत?

वाचकाचा प्रश्न

नागपुरातल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या एका छोट्या क्लबचे सचिव लिहितात: क्लबला ९ वर्षं झाली, सदस्य ३१ आहेत. सुरुवातीला महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ८ वाजता सिव्हिल लाइन्समध्ये १५-१६ गाड्या जमायच्या, तर्री पोहे व्हायचे आणि मग रामटेकपर्यंत फेरी. आता ५-६ गाड्या येतात, त्याही ठरलेल्याच. ग्रुपवर फोटो टाकला की सगळ्यांचे अंगठे येतात, प्रत्यक्षात मात्र ‘पुढच्या वेळी नक्की, भाऊ’. सचिवांच्या मनात दोन ठराव आहेत. सलग तीन वेळा न येणाऱ्याचं सदस्यत्व रद्द करायचं, आणि यापुढे फक्त ‘खऱ्या’ स्पोर्ट्स गाड्यांना प्रवेश द्यायचा. हेराल्ड, फियाट, सॅन स्टॉर्म नकोत, म्हणजे दर्जा राहील आणि लोक ओढीने येतील. एक संस्थापक काका, वय ७२, गाडी हेराल्ड, दीड वर्षापासून फिरकलेले नाहीत आणि फोनवर विषय बदलतात. सचिवांच्या पत्नीचा प्रश्न वेगळाच आहे: ‘तुमच्या क्लबात आम्ही येऊन करायचं काय?’ ठराव मांडू का, असं सचिवांनी विचारलं आहे.

नमस्कार,

मांडू नका. निदान हा हिवाळा तरी जाऊ द्या.

जो येत नाही त्याची ओढ संपली, असं तुम्ही धरून चालला आहात. जुन्या गाडीच्या मालकाची ओढ खरंच संपली की तो गाडी विकून मोकळा होतो. तुमच्या ३१ जणांपैकी कुणी गाडी विकल्याचं पत्रात कुठे नाही. उलट फोटो पडला की सगळे हजर असतात. म्हणजे मन जागेवर आहे, गाडी शेडमध्ये अडकली आहे. आणि ती अडकली आहे हे चारचौघांत सांगायला माणसाला जड जातं. सेल्फ मारला आणि गाडी चालू झाली नाही तर? कामठी ओलांडल्यावर बंद पडली तर? सगळे भोवती गोळा होतील, दहा जण दहा सल्ले देतील, कुणीतरी फोटो काढेल आणि संध्याकाळपर्यंत तो ग्रुपवर फिरेल. त्यापेक्षा ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणणं सोपं. हजेरीचा नियम या भीतीवर चालणार नाही, तो तिला वाढवेल. ज्याची गाडी बिघडली आहे नेमका तोच बाहेर जाईल.

म्हणून पहिलं काम फोनचं. काका सोडून बाकी सगळ्यांना फोन करा, पण ‘का येत नाही?’ असं विचारू नका. तीनच प्रश्न विचारा. गाडी शेवटची २० किलोमीटर कधी चालली? आज चालू होईल का? नाही, तर कशामुळे अडली आहे? उत्तरं वहीत लिहा आणि गाड्यांचे तीन गट करा: भरवशाच्या, चालू होतात पण भरवसा नाही अशा, आणि बंद. मधला गट सगळ्यात मोठा निघण्याची शक्यता आहे, आणि तुमच्या क्लबचं भवितव्य त्याच गटात आहे. बंद गाडीला महिने आणि पैसे लागतात. मधल्या गटातल्या गाडीला बहुतेक वेळा एक रविवार पुरतो.

या गाड्या बिघडतात त्या चालवून नव्हे, उभ्या राहून. आणि जपण्याच्या नादात अनेकजण एक चूक करतात: दर रविवारी इंजिन पाच मिनिटं चालू करायचं आणि बंद करायचं. याने नुकसानच होतं. डायनॅमो (बॅटरी भरणारं जुन्या धाटणीचं यंत्र) असलेल्या गाडीत आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन संथ चालवताना, चार्जिंग जवळपास होतच नाही, सेल्फने बॅटरीतून ओढलेलं परत भरत नाही. ऑइल पुरेसं तापत नाही, त्यामुळे जळणातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचून राहतं. चालू करायची तर २०-२५ किलोमीटर फिरवून आणावी, नाहीतर बॅटरीची एक तार काढून गाडी शांत उभी ठेवावी. बॅटरी भरलेली असेल तर मीटरवर १२.६ व्होल्ट दिसतात. १२.२ दिसले तर ती जवळपास अर्धी उतरली आहे.

दुसरी अडचण पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांचे रबरी पाइप, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधली वायसरं त्याच्यासाठी बनलेली नाहीत. पाइप आतून फुगतो, मऊ होतो, त्याचे काळे कण फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, जातात, पेट्रोल अडवणारी सुई अडकते आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. खाली गरम एक्झॉस्ट असला की याचं रूपांतर आगीत होऊ शकतं. त्यामुळे दोन महिन्यांहून जास्त उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचे पेट्रोलचे पाइप हाताने दाबून बघा. चिकट किंवा चिरा पडलेला दिसला तर लगेच बदला. पाइपावर ‘एसएई जे ३० आर ९’ असा छाप असलेला घ्या, आतला व्यास मोजून घ्या, आणि दात असलेली क्लिप न लावता गुळगुळीत काठाची लावा, दातांची क्लिप रबर कापते. ब्रेक ऑइलही ओल ओढतं. दोन वर्षांनी ते बदललं नाही की व्हील सिलिंडर गंजून जाम होतात. टायर नवे दिसतात, पण बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१७ असेल तर तो २०१७ सालच्या २३व्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांवरचा टायर फेरीला नको.

आता काकांच्या हेराल्डबद्दल आणि तुमच्या दुसऱ्या ठरावाबद्दल.

स्टँडर्ड हेराल्ड मद्रासमध्ये १९६१पासून बनू लागली. तिच्या मूळ ब्रिटिश गाडीची, म्हणजे ट्रायम्फ हेराल्डची, चासी आखूड करून १९६२मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर आली. दोन्हींचं रूप एकाच इटालियन डिझायनरने, जिओव्हानी मिकेलोत्तीने घडवलं. पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग, तो अख्खा पुढे उघडणारा बॉनेट, सगळं एकाच घरातलं. उद्या कुणी स्पिटफायर घेऊन आला तर त्याला तुम्ही हार घालाल आणि तिच्या थोरल्या बहिणीला दारात अडवाल, हे पटण्यासारखं नाही. आणखी एक गोष्ट. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांची आयात इतकी आवळली गेली की आपल्याकडे एमजी, ट्रायम्फसारख्या दोन आसनी गाड्या मोजक्याच राहिल्या. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती झाल्या त्यात हेराल्ड आणि फियाट धावल्या, त्यांच्याच इंजिनांवर इथल्या मिस्त्रींनी हात बसवला. सॅन स्टॉर्म तर गोव्यात बनलेली, फायबरग्लास बॉडीची, उघड्या छताची दोन आसनी गाडी. भारतातला स्पोर्ट्स गाड्यांचा इतिहास याच गाड्यांचा आहे. दर्जाच हवा असेल तर तो गाडीच्या नावावर ठरवू नका, देखभालीवर ठरवा: ब्रेक नीट, टायर नीट, पेट्रोलचा वास नाही, कागदपत्रं पूर्ण. या चार गोष्टी असल्या की ती गाडी तुमची.

काका विषय का बदलतात हे मला ठाऊक नाही, पण हेराल्डच्या मालकाला घाबरवणारी एक गोष्ट असते. पुढच्या चाकाचा उभा दांडा, व्हर्टिकल लिंक, खालच्या टोकाला आटे पाडलेला असतो आणि पितळी रंगाच्या एका तुकड्यात, ट्रनियनमध्ये, बसतो. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. तिथे ग्रीस चालत नाही, ईपी ९० गिअर ऑइलच लागतं. गॅरेजमध्ये निपल दिसला की सवयीने ग्रीस भरतात. ग्रीस आट्यांत खोल उतरत नाही, खाली पाणी शिरतं, लोखंड गंजतं, आणि एखाद्या दिवशी वळताना दांडा नेमका आट्यांपाशी तुटतो. चाक आडवं होतं. हे पार्किंगमध्ये झालं तर निभावतं, महामार्गावर नाही. स्पिटफायरलाही हेच लागू. उपाय अर्ध्या तासाचा आहे: पुढचा भाग जॅकवर उचला, स्टँड लावा, ट्रनियनचा प्लग काढून निपल बसवा, ग्रीस गन स्वच्छ करून तिच्यात ईपी ९० भरा आणि वरच्या बाजूने ऑइल झिरपेपर्यंत दाबा. दोन्ही बाजूंना, दर सहा महिन्यांनी. वर्षानुवर्षं ग्रीसच गेलं असेल तर दांडा काढून आट्यांवरचा गंज बघितल्याशिवाय गाडी शहराबाहेर काढू नये.

हे काम एकट्याने करायचं नाही, आणि इथेच तुमचा क्लब पुन्हा उभा राहतो. दोन महिन्यांतून एक रविवार फेरी रद्द करून कुणाच्या तरी अंगणात कामाचा दिवस ठेवा. दिवसाला एकच काम: कधी पाइप बदलणं, कधी ब्रेक ऑइल, कधी पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडतोड करणारे संपर्क) आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ). पॉइंटमध्ये साधारण ०.४ मिलिमीटर फट ठेवायला शिकवायला दहा मिनिटं लागतात, पण ते एकदा स्वतःच्या हाताने जमलं की माणूस रस्त्यावर निर्धास्त होतो. हेराल्डचा बॉनेट उघडला की पुढच्या टायरवर बसून इंजिनवर काम करता येतं. त्या टायरवर काका बसले आहेत, शेजारी विशीतला मुलगा फीलर गेज, म्हणजे ती फट मोजायची पट्टी, धरून आहे, असा एक दिवस घडवा. पार्किंगमध्ये उभ्याउभ्या पोहे खाताना जी ओळख होत नाही ती तिथे होते, कारण तिथे प्रत्येकाच्या हाताला काम असतं आणि बोलायला विषय शोधावा लागत नाही.

फेरीची आखणीही बदला. रामटेक येऊन-जाऊन शंभर किलोमीटर, त्यात जबलपूरकडच्या महामार्गावरचे ट्रक. भरवसा नसलेल्या गाडीला ही परीक्षाच वाटते. काटोल रोडने फेटरी, कळमेश्वर करत धापेवाड्यापर्यंत जा. एका बाजूने चाळीसेक किलोमीटर होतात, विठ्ठलाचं दर्शन होतं, वाटलं तर अदासा जवळच आहे. कळमेश्वरलाच परत फिरायची मुभा आधीच जाहीर करा, म्हणजे कुणाला कमीपणा वाटणार नाही. समृद्धी महामार्गाचा मोह टाळा. तिथे सगळी वाहतूक वेगात असते, सावली नाही, आणि जुने टायर सतत वेगात पळवायला नकोत. आठला निघणं उशिराचं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी साडेसहाला जमा, धुकं असेल तर थोडं थांबा, दहाच्या आत घरी. डिसेंबरमध्ये अधिवेशन असतं तेव्हा सिव्हिल लाइन्समध्ये बंदोबस्त असतो, त्या महिन्यात जमण्याची जागा काटोल रोडवरच ठेवा. मार्चनंतर फेऱ्या बंद करा आणि हे मोठ्या मनाने जाहीर करा. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या पंपातच पेट्रोल उकळतं, पाइपात वाफ अडकते, गाडी थांबते आणि ‘बिघडली’ असा शिक्का बसतो. असं झालंच तर बॉनेट उघडा, पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं ठेवा, वीस मिनिटं थांबा, चालू होईल. गरम होते म्हणून रेडिएटरला जास्त दाबाचं झाकण मात्र बसवू नका. या जुन्या ब्रिटिश गाड्यांना बहुधा ४ किंवा ७ पौंडांचं झाकण असतं, १५ पौंडांचं लावलं की जुना रेडिएटर किंवा हीटरचा पाइप फुटतो. उन्हाळ्यात संध्याकाळी कुणाच्या गच्चीवर बसा. पावसाळा कामाच्या दिवसांसाठी चांगला.

फेरीत सगळ्यात सावकाश गाडी पुढे ठेवा. वळणावर प्रत्येकाने मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं. सगळ्यात मागे एक नवी, मोठी गाडी असावी, तिच्यात सामान: टोचनचा दोर, जम्पर केबल, फॅन बेल्ट, लागणाऱ्या प्रत्येक मापाचा एकेक मीटर पेट्रोल पाइप आणि क्लिपा, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, एक कॉइल, फ्यूज, १० लिटर पाणी, एक लिटर २० डब्ल्यू ५० इंजिन ऑइल, डॉट ४ ब्रेक ऑइल, चाकाला लावायचे ठोकळे आणि २ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक. इंजिन गरम झाल्यावर मिस करून बंद पडत असेल आणि पॉइंट जळके दिसत असतील तर आधी कंडेन्सर बदलून बघा. आणि जम्पर लावण्याआधी एक गोष्ट तपासा. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. अशा गाडीला नव्या गाडीवरून जम्पर देताना प्लसला प्लस, मायनसला मायनसच लावायचं, पण दोन्ही गाड्यांचे बम्पर किंवा बॉडी कुठेही एकमेकांना टेकता कामा नयेत. टेकल्या की सरळ शॉर्टसर्किट.

नियम हवाच असेल तर हा एक करा: बंद पडलेल्या गाडीचा फोटो कुणी काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही. हात एकाचेच लागतील, कुणाचे ते मालक सांगेल. बाकीचे सावलीत थांबतील, पण निघून जाणार नाहीत. दुसरी सूट, गाडीशिवाय या. ज्याची गाडी बंद आहे तो मागच्या मोठ्या गाडीत बसेल, ज्याला पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी वयामुळे झेपत नाही तो कुणाच्या शेजारी बसेल.

काहीजण कायद्यामुळेही येत नसतील, हे विचारून घ्या. ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. त्यात नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे आणि ती १० वर्षं चालते. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. नुसतं पोहे खायला जाणं त्यात बसत नाही. ज्यांच्याकडे असा नंबर आहे त्यांच्यासाठी रॅलीची तारीख, मार्ग, सहभागी गाड्या क्लबच्या कागदावर लिहून आधी द्या. साध्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण केलेल्या गाड्यांना ही अट नाही. विमा आणि पीयूसी दोघांनाही लागतोच.

आता वहिनींचा प्रश्न. तुमच्या पत्रात तो शेवटी आला आहे, पण मला तो सगळ्यात नेमका वाटला. दोन आसनी गाडीत मुलं बसत नाहीत, जमण्याची जागा रस्त्याच्या कडेला, तिथे स्वच्छतागृह नाही, आणि दोन तास बोलणं कार्ब्युरेटरचं. त्यांनी यायचं ते कशासाठी? सावली, स्वच्छतागृह आणि बसून खायची सोय असलेली जागा निवडा, हे पहिलं. पण महिलांसाठी वेगळा कार्यक्रम ठेवून हा प्रश्न सुटला असं समजू नका. क्लबातल्या किती घरांत बायकोने किंवा मुलीने ती गाडी चालवली आहे, हे विचारा. हेराल्ड किंवा जुन्या एमजीला पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर अलगद जुळवणारी रचना) नसतो, चालत्या गाडीत पहिला टाकला की दात वाजतात आणि नवशिक्याला वाटतं आपण काहीतरी मोडलं. मोकळ्या मैदानावर एक सकाळ ठेवा. गाडी पूर्ण थांबवून पहिला टाकायचा, किंवा क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरासा अ‍ॅक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून पहिला. तासाभरात हात बसतो. शिकवायला नवऱ्याने स्वतः बसू नये, दुसऱ्या सदस्याने बसावं. मग पुढच्या फेरीत जाताना एकाने आणि येताना दुसऱ्याने चालवायची. वहिनींना विचारा, त्यांना चालवायची आहे का. कदाचित आजवर कुणी विचारलंच नसेल.

संस्थेच्या नोंदणीची घाई करू नका. सात सदस्यांवर संस्था नोंदवता येते, पण महाराष्ट्रात त्याबरोबर सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते, दरवर्षी हिशेब तपासणी आणि पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. आज तुम्हाला माणसं हवी आहेत, फाइल नको. सुटे भाग एकत्र मागवायला एक वही आणि दोघांच्या सह्या पुरतील.

सुरुवात काकांपासून करा. फोन करू नका, फोनवर ते पुन्हा विषय बदलतील. ईपी ९०ची एक लिटरची बाटली आणि रिकामी, धुतलेली ग्रीस गन घेऊन एखाद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जा आणि म्हणा, ‘काकाजी, हेराल्डच्या ट्रनियनचं काम मला शिकायचं आहे, दाखवता का?’ गाडी बाहेर काढायचा विषय त्या दिवशी काढू नका.